एका गाठीला वीज किती?

दसरा-दिवाळीनंतर यवतमाळ, वणी, पांढरकवडा भागातल्या जिनिंगची धडधड सुरू होते. कापसाच्या गाड्या आत येतात, रुई आणि सरकी वेगळी होते, 170 किलोची गाठ बांधून बाहेर पडते. कापसाचा भाव आणि रुईचा उतारा मालकाला तोंडपाठ असतो. एका गाठीला वीज किती लागली, हे सांगणारा माणूस मात्र शोधावा लागतो. ‘पुढे काय?’ या काळजीत असलेल्या मुलांनी आणि त्यांच्याहून धास्तावलेल्या आईवडिलांनी या रिकाम्या जागेकडे जरूर पाहावं.

वणीकडच्या घरांत काळजी आणखी वेगळी आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणींवर तिथे कितीतरी संसार उभे राहिले आणि आता जिकडेतिकडे सौरऊर्जेची चर्चा आहे. मग पोरानं पॅनल बसवायला शिकावं का? अवश्य शिकावं. पण आलेल्या विजेतून जास्त माल कसा काढायचा, या कामाला वीज कोळशाची की उन्हाची, यानं फरक पडत नाही.

हे काम दिसतं कसं? बऱ्याच जिनिंगमध्ये कापूस हवेच्या जोरावर पाइपातून ओढला जातो, त्यासाठी मोठे पंखे फिरतात. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग 20 टक्क्यांनी उतरवला की 0.8 गुणिले 0.8 गुणिले 0.8, म्हणजे वीज जवळपास निम्म्यावर! पण वेग फार उतरवला तर कापूस पाइपात तुंबतो आणि सगळी लाइन थांबते. कुठवर उतरायचं, हे मीटर लावून, मशीनपाशी उभं राहून ठरवावं लागतं. अकरावीचं भौतिकशास्त्र इथे थेट पैसे वाचवतं.

या कामाला कायद्याचं पाठबळही आहे. ऊर्जा संवर्धन कायदा 2001चा. सिमेंट, कापड अशा उद्योगांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ऊर्जा वापरणाऱ्या कारखान्यांना प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापक नेमावाच लागतो. यवतमाळ जिल्ह्यात मुकुटबनला 2022 मध्ये वर्षाला 39 लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला, यवतमाळच्या एमआयडीसीत डेनिम तयार होतं. 2023 मध्ये देशात कार्बन क्रेडिट व्यापाराची योजनाही अधिसूचित झाली, त्यामुळे ऊर्जेचा हिशेब ठेवणाऱ्यांची गरज वाढणार हे उघड आहे.

वाट सोपी आहे, पण लांब आहे. हे पालकांनी आधीच समजून घ्यावं. यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका किंवा जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, शाखा इलेक्ट्रिकल वा मेकॅनिकल. त्यानंतर ऊर्जा दक्षता ब्युरोची राष्ट्रीय परीक्षा. व्यवस्थापकासाठी तीन पेपर, ऑडिटरसाठी चौथा. मात्र बसायला पदवीधराला 3 वर्षांचा, पदविकाधारकाला 6 वर्षांचा अनुभव हवा. तो बड्या कंपनीतलाच हवा असं नाही. यंत्रांच्या देखभालीतला, ऊर्जेच्या वापराशी निगडित अनुभवही चालतो. म्हणून पहिली नोकरी छोटी मिळाली तर नाक मुरडू नये.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी बाजारातून तयार मॉडेल आणण्याऐवजी एखाद्या कारखान्यात रोजचं मीटर वाचन आणि रोजचं उत्पादन महिनाभर एका वहीत शेजारीशेजारी लिहावं. बिलावरचा पॉवर फॅक्टर आणि मागणी आकार समजून घ्यावा. मुलाखतीत ती वही गुणपत्रिकेइतकीच कामाला येते. ऊर्जा ऑडिट करणाऱ्या संस्थांची नोंदणी महाऊर्जा या राज्य सरकारच्या संस्थेकडे असते. अशा संस्थेत उमेदवारी मिळाली, तर वर्षभरात दालमिल, तेलघाणी, शीतगृह, रुग्णालय अशा नाना ठिकाणची बिलं हाताखालून जातात.