डिसेंबरच्या तीन तारखा

मंडळी, थँक्सगिव्हिंग झालं की इथे सुट्ट्यांचे वेध लागतात. शेजारीपाजारी आपापल्या माणसांत रमतात, पाचलाच अंधार पडतो, आणि नुकत्याच इथे आलेल्या आपल्या मुलामुलींना किंवा भारतातून आलेल्या आजी-आजोबांना घर खायला उठतं. दिवाळी होऊन गेलेली, संक्रांत अजून लांब. मग या दिवसांत आपलं असं काही नाहीच का?

आहे की! कालनिर्णय उघडून बघा.

२० डिसेंबर हा गाडगेबाबांचा स्मृतिदिन (१९५६). बाबा गावात शिरले की आधी हातात खराटा घेत. दिवसा रस्ते झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी मात्र झोपडीही बांधली नाही. पहिला धडा : आधी स्वतः हात लावा, मग लोकांना सांगा.

२४ डिसेंबर, म्हणजे ख्रिसमसची आदली संध्याकाळ, ही साने गुरुजींची जयंती. १८९९ साली कोकणातल्या पालगडला त्यांचा जन्म झाला. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी प्राणांतिक उपोषण केलं, आणि दार उघडलं. दुसरा धडा : ज्याची सेवा करायची, तो आपल्याच रांगेतला माणूस.

२६ डिसेंबर ही बाबा आमटे यांची जयंती (१९१४). १९४९ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभं राहिलं ते कुष्ठरुग्णांच्या स्वतःच्या कष्टांवर. विहीर खणली त्यांनीच, शेती पिकवली त्यांनीच. तिसरा धडा : नुसत्या दानाने माणूस मिंधा होतो, बरोबरीने काम केलं की सोबती होतो.

आता हे इथे कसं करायचं? फूड बँक ही कल्पना मूळची अमेरिकेतलीच. पहिली १९६७ साली ॲरिझोनात, फीनिक्सला सुरू झाली. तिथे डबे निवडायला, खोकी भरायला माणसं लागतात. दोन-तीन तास शेजारी उभं राहून शिधा भरताना जी ओळख होते, ती पार्टीत हातात प्लेट घेऊन होत नाही. इंग्रजीला बिचकणारी आजीसुद्धा डाळीची पाकिटं झरझर भरते आणि घरी जाताना तिचा चेहरा खुललेला असतो.

एक मात्र लक्षात ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये स्वयंसेवकांची झुंबड असते, जानेवारीत ती ओसरते. भूक मात्र ओसरत नाही. म्हणून जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी, मार्टिन ल्यूथर किंग दिनी, पुन्हा जा. १९९४ पासून तो राष्ट्रीय सेवादिनही आहे. आणि घरातले जुने डबे देण्यापेक्षा शक्य असेल तर रोख रक्कम द्या. फूड बँका घाऊक भावाने खरेदी करतात, त्यामुळे तोच डॉलर अधिक पोटांपर्यंत पोचतो.

तेव्हा मंडळी, यंदा चेक तर लिहाच, पण सोबत एक शनिवारही द्या. आणि येताना त्या एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्यालाही गाडीत घ्या. कुणी सांगावं, खरी गरज त्यालाच असेल!