उतार गप्प राहिला म्हणून

सह्याद्री रोखठोक शिकवतो. ओल्या कातळावर पाऊल चुकलं की गुडघा फुटतो. पाणी कमी घेतलं की दुपारच्या आत जीभ टाळ्याला चिकटते. पावसाळ्यात निघायला उशीर केला की ओढा वाट अडवून बसतो. चूक आणि तिची शिक्षा यांत फारसं अंतर नसतं, त्यामुळे काही मोसमांत पाय आपोआप शहाणे होतात. मी अशीच शिकले. म्हणूनच हिवाळ्यात हिमालयात जाऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या ट्रेकर्सना सगळ्यात आधी हे सांगते, की बर्फाचा उतार असा शिकवत नाही. तिथे चुकीचा निर्णय बहुतेक वेळा खपून जातो. आपण सुखरूप खाली येतो, आणि पुढच्या खेपेला तोच निर्णय जास्त विश्वासाने घेतो.

मला हे उमगलं काश्मीरमधल्या गुलमर्गला. बर्फातली वाटचाल शिकायला आम्ही पुण्याची काही मंडळी एका स्थानिक गाईडबरोबर गेलो होतो. फेब्रुवारी होता. सलग काही दिवस बर्फ पडून गेलं होतं आणि त्या सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. गोंडोल्याच्या (रोपवेच्या) आसपासचे उतार तिथलं स्की-पॅट्रोल सुरुंग लावून मोकळे करतं. त्या हद्दीबाहेर अशी राखण कोणी करत नाही. आम्ही हद्दीबाहेर होतो. समोर रुंद, गुळगुळीत, पाऊलही न उमटलेला उतार होता. गाईड काठावरच थांबला. त्याने फावड्याने खड्डा खणला, भिंतीतून बर्फाचा एक चौकोनी खांब मोकळा केला आणि फावड्याचं पातं त्यावर ठेवून वरून थापा मारायला सुरुवात केली. आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून, असा त्याचा क्रम असतो. कोपरापर्यंत जायची वेळच आली नाही. मनगटाच्या हलक्या थापांतच वरचा थर सरळ रेषेत तुटून पुढे सरकला. तो म्हणाला, आज इथून जायचं नाही.

आम्ही सामान आवरत असताना दुसरा एक गट आला आणि सगळे मिळून तोच उतार आडवा कापून पलीकडे गेले. काहीही झालं नाही. आमच्यातला सर्वांत धाकटा मला म्हणाला, "ताई, ते गेले की! मग आपण का नाही?" मी गाईडकडे पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "ते गेले म्हणून उतार चांगला ठरत नाही. त्यांच्या पायाखाली तो तुटला नाही, एवढंच ठरतं." आम्ही झाडीच्या सौम्य सोंडेवरून उतरलो. तो उतार आमच्या वजनाने तुटला असता का, हे कधीच कळणार नव्हतं. आपण माघारी फिरलो ते बरोबरच होतं, याचा पुरावा डोंगर देत नाही. पुराव्याशिवाय माघारी फिरता येणं, हे हिवाळी डोंगरातलं पहिलं कौशल्य आहे.

उतार एकाला जाऊ देतो आणि दुसऱ्याला नाही, याचं कारण बर्फाच्या पोटात असतं. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा 'चिल्लई कलां' हा कडक थंडीचा काळ सुरू होतो. सुरुवातीचं बर्फ पातळ असेल आणि त्यावर कोरडी थंडी लांबली, तर जमिनीलगतचं बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतं आणि वरची हवा त्याहून कितीतरी गार असते. या फरकामुळे बर्फातली वाफ वर सरकते आणि तळाचे कण वाढून जाड साखरेसारखे सुटे, टोकदार होतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत. मग पश्चिमेकडून वादळी हवेचा पट्टा, म्हणजे पश्चिमी विक्षोभ, येतो, त्यावर हात-दोन हात नवं बर्फ टाकतो, वारा ते दाबून एकसंध करतो. वरचा थर घट्ट आणि खालचा पोकळ. माणसाचं वजन खालपर्यंत पोचलं की तळ ढासळतो, भेग क्षणात उतारभर धावते आणि सगळा थर एकदम सुटतो. हा थर सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. खडकांजवळ, कडांजवळ तो पातळ असतो आणि तिथेच धक्का खोलवर पोचतो. त्यामुळे पाच जण सुखरूप जातात आणि सहाव्याचं पाऊल नेमकं तिथे पडतं.

गुलमर्गच्या अफरवट शिखरावर १ फेब्रुवारी २०२३ला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीयर गेले. २०२४चा जानेवारी तिथे जवळजवळ बिनबर्फाचा गेला, फेब्रुवारीत एकदम भरपूर बर्फ पडलं, आणि २२ फेब्रुवारीला हिमस्खलनात एक रशियन स्कीयर गेला. ४ ऑक्टोबर २०२२ला उत्तराखंडात 'द्रौपदी का डांडा–२' शिखराखाली उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. त्यात प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या, ज्यांनी त्याच वर्षी एव्हरेस्ट सर केलं होतं. हे कुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. सांगायचं ते हे, की उतार समोरच्याचा अनुभव विचारत नाही. अमेरिकेतल्या इयन मॅकॅमन यांनी २००४ साली सातशेहून अधिक हिमस्खलन-अपघातांचा अभ्यास मांडला. ओळखीची जागा, पुढे गेलेल्यांच्या खुणा, जाणत्या म्होरक्यावरचा भरवसा, ठरलेलं पार पाडायची ओढ, अशा गोष्टी माणसाला डोळ्यांसमोरच्या धोक्याच्या खुणांकडे दुर्लक्ष करायला लावतात, असं त्यांना आढळलं. आपल्यासाठी या यादीत रजा मंजूर करून घेतलेली असणं आणि परतीचं तिकीट काढलेलं असणं, हेही येतं.

आता हातात धरता येईल असं काही.

उतार मोजा. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. कोन डोळ्यांनी ठरवू नका, साध्या कोनमापकाने किंवा फोनने मोजा. ३० अंशांच्या आत राहा आणि डोक्यावर तीव्र उतार नाही ना, हेही पाहा. सह्याद्रीत आपण हौसेने नाळेतून चढतो. बर्फात नाळ ही सगळ्यात वाईट जागा, कारण वरून आलेलं सगळं तिथेच गोळा होतं आणि थोडं बर्फसुद्धा माणसाला खोल पुरतं. मुक्कामाची जागाही याच नजरेने निवडा. २८ फेब्रुवारी २०२५ला बद्रीनाथजवळच्या माणा गावात रस्तेबांधणीच्या कामगारांच्या राहत्या कंटेनरांवर हिमस्खलन आलं आणि आठ जण गेले. धोका फक्त चालताना नसतो.

खुणा वाचा. आजूबाजूला ताजी स्खलनं दिसतात का? पाय टाकल्यावर दबका 'धप्प' आवाज येऊन बर्फ खचतं का? पावलापासून भेगा धावतात का? चोवीस तासांत फूटभर बर्फ पडलंय, वाऱ्याने ते एका अंगाला साठवलंय, की एकदम ऊन तापलंय? यातली एक खूणही तीव्र उतार टाळायला पुरेशी आहे. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते पाच पायऱ्यांचे असतात. तिसरी पायरी मधली आहे, म्हणून 'चालेल' असं समजू नका. युरोप-अमेरिकेत बरेच मृत्यू याच पायरीच्या दिवशी होतात, कारण त्या दिवशी डोंगर शांत दिसतो.

साधनं प्रत्येकाकडे हवीत. बीकन (गाडल्या गेलेल्याचा ठाव देणारं रेडिओ-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं, ही तिन्ही प्रत्येक माणसापाशी. एकट्या म्होरक्याकडे असून उपयोग नाही. तोच गाडला गेला तर शोधणार कोण? सगळे बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, म्हणून कंपनी वेगळी असली तरी चालतं. मोबाइलचं ॲप त्याची जागा घेत नाही. उलट शोध घेताना फोन बीकनपासून किमान अर्धा मीटर लांब ठेवा. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर जगण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. त्यानंतर ती झपाट्याने घसरते. तेवढ्यात हेलिकॉप्टर येत नाही, शेजारी उभा असलेला सोबतीच येतो. म्हणून धोक्याचा उतार ओलांडावाच लागला तर एकेकाने ओलांडा आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवा. बीकन वापरायचा सराव मैदानात, पुन्हा पुन्हा करा. तिथे घड्याळ लावून हात चालले तरच उतारावर चालतील.

पैसे भरण्याआधी विचारा. आयोजकाला विचारा, की बीकन प्रत्येकाला देता का? सराव किती घेता? बर्फ फार पडलं तर पर्यायी वाट कोणती? 'आमच्या वाटेवर आजवर काही झालेलं नाही' हे उत्तर मिळालं तर तिथून निघा. ते उत्तर नशिबाचं आहे, अभ्यासाचं नाही.

गटात एक नियम ठेवा. कोणीही एकाने 'नको' म्हटलं की सगळे फिरतील आणि त्याच्याकडे कारण मागितलं जाणार नाही. हा नियम सकाळी, चहाच्या वेळीच ठरवा, कारण माथा दिसायला लागल्यावर तो ठरत नाही. सगळ्यात नवख्या माणसाने 'नको' म्हणायला कचरू नये, याची जबाबदारी सगळ्यात जुन्या माणसाची.

आणि रोज संध्याकाळी एकमेकांना विचारा: आज आपण बरोबर होतो, की फक्त वाचलो? कोणत्या उतारावर, काय पाहून, कशाच्या भरवशावर गेलो, ते वहीत लिहा. काही घडलं नाही त्या दिवशी तर नक्की लिहा. सह्याद्रीत ही नोंद आपल्या अंगावरचं खरचटणं ठेवतं. बर्फात ती आपल्यालाच ठेवावी लागते. नाहीतर वर्षं वाढतात, शहाणपण वाढत नाही.