मालमोटारीची बॅटरी : पुन्हा भरावी कीं नवी घ्यावी ?

गेल्या माघांतील एका पहांटे आमच्या शाळेसमोरील रस्त्यावर एक मालमोटार उभी होती. निफाडाकडील थंडी कशी असते हें तुम्हांस सांगणें नकोच. गाडींत द्राक्षांच्या पेट्या भरलेल्या होत्या व ऊन्ह फार वर येण्यापूर्वीं त्या वाशीच्या बाजारांत पोंचावयाच्या होत्या. गाडीचे चालक आमच्याच नववींतील एका विद्यार्थ्याचे वडील. रात्रीं घरीं जेवावयास म्हणून थांबलेले. त्यांनीं किल्ली फिरविली तों इंजिन एकदां कण्हलें आणि गप्प झालें.

आम्ही प्रयोगशाळेंतील व्होल्टमापक घेऊन धांवलों. दोन्ही बॅटऱ्यांचा दाब एकदम मापला, तो २४.२ व्होल्ट भरला. "चोवीसच्या वर आहे, म्हणजे बॅटऱ्या ठीक आहेत, दोष स्टार्टरचा असावा," असा निर्णय आम्हीं देऊन टाकला. तो साफ चुकीचा होता. स्टार्टर उतरविण्यांत व चढविण्यांत दोन तास गेले. माल उशिरां पोंचला आणि भाव हातचा गेला. आमची चूक दुसऱ्या कोणास भोंवूं नये, एवढ्यासाठीं हा लेख.

प्रथम रचना पाहूं. शिशाच्या बॅटरीचा शोध फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनीं १८५९ सालीं लाविला. तिचें तत्त्व अद्याप तेंच आहे. शिशाची एक पट्टी व शिशाच्या डायऑक्साइडची दुसरी, अशा दोन पट्ट्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लांत बुडविल्या कीं एक घर तयार होतें. भरलेल्या घराचा दाब सुमारें २.१ व्होल्ट असतो. अशीं सहा घरें मिळून १२ व्होल्टची बॅटरी होते. जड गाडीचें डिझेल इंजिन फिरविण्यास बळ फार लागतें, म्हणून तिच्यांत बहुधा अशा दोन बॅटऱ्या एकसरी जोडणीनें लावून २४ व्होल्ट मिळवितात. या जोडणींत दोहींतून एकच प्रवाह वाहतो. बैलजोडींतला एक बैल लंगडला कीं दुसरा कितीहि धडधाकट असो, गाडी अडते. येथेंहि तसेंच होतें.

बॅटरी खर्च होतांना पट्ट्यांवर शिशाचें सल्फेट धरतें व आम्ल पातळ होतें. भरतांना हीच क्रिया उलट होऊन आम्ल पुन्हा दाट होतें. परंतु रिकामी बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडूं दिली, तर त्या सल्फेटचे कठीण स्फटिक बनतात व ते सहजीं मोडत नाहींत. त्यांतून थंडींत रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनांतील तेल घट्ट होतें. उन्हाळ्याच्या तापानें झिजलेली बॅटरी हिंवाळ्यांतील पहांटेस उघडी पडते, ती यामुळें.

आतां परीक्षा. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विसांव्यानंतर सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी रिकामी. तेव्हां जोडीचा दाब २५ च्या वर हवा होता. चोवीस या नांवानेंच आम्हांस फसविलें. पुढें मिस्त्री आले. त्यांनीं प्रत्येक बॅटरी निराळी मापली, एक १२.२, दुसरी १२.० भरली. मग किल्ली फिरवावयास लावून पुन्हा मापली. पहिली १०.४ वर टिकली, दुसरी सातच्याहि खालीं गेली. शेवटीं हायड्रोमीटरनें आम्लाचें विशिष्ट गुरुत्व पाहिलें. भरलेल्या घरांत तें १.२६५ ते १.२८० च्या आसपास असतें. दुसऱ्या बॅटरीच्या पांच घरांत तें १.१९० होतें, सहाव्यांत मात्र १.०८०. चोर सांपडला !

घराघरांत ०.०५० हून अधिक फरक पडला आणि भरल्यानंतरहि तो राहिला, तर तें घर निकामी झालें असें समजावें. तेथें कोणताहि उपाय चालत नाहीं. सर्व घरें सारखींच उतरलीं असतील, तर मात्र आशा असते. अशी बॅटरी गाडींतून काढून मंद प्रवाहानें भरावी. १५० अँपियर-तासांच्या बॅटरीस सुमारें १५ अँपियर पुरे. पाणी कमी असल्यास डिस्टिल्ड पाणीच घालावें. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर भरण्यापूर्वीं त्या बुडण्यापुरतें, व उरलेलें भरल्यानंतर. आम्ल, सोडा, मीठ किंवा औषधी गोळ्या आंत टाकूं नयेत. बंद झांकणाची बॅटरी तर उघडूंच नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या गृहस्थांनीं आठ महिन्यांपूर्वीं एकच बॅटरी नवी घेतली होती. दुसरीचे पैसे वाचविले. शिवाय गाण्याच्या यंत्रासाठीं १२ व्होल्टची तार एकाच बॅटरीवरून घेतलेली. अल्टरनेटर सुमारें २८ व्होल्ट देतो. ते दोहींत सारखे वांटले जावेत अशी अपेक्षा असते. एक जुनी व एक नवी असली कीं वांटणी विषम होते. एक उतू जाते, दुसरी उपाशी राहते. म्हणून बॅटऱ्या जोडीनेंच बदलाव्या, त्या एकाच जातीच्या व एकाच क्षमतेच्या असाव्या, आणि १२ व्होल्टची उपकरणें योग्य रूपांतरकावर चालवावीं. या गृहस्थांनीं पुढें नवी जोडी घेतली. आठ महिन्यांची बॅटरी मंद भरल्यानें सुधारली व आतां त्यांच्या भावाच्या ट्रॅक्टरवर चालते आहे.

त्या दिवशीं गाडी सुरू झाली ती दुसऱ्या २४ व्होल्टच्या गाडीची मदत घेऊन. शेवटची ऋण तार मिस्त्रींनीं बॅटरीस न लावतां दूर सांगाड्याच्या लोखंडास लाविली. कारण, भरतांना बॅटरींतून हायड्रोजन निघतो व एका ठिणगीनेंहि त्याचा स्फोट होतो. म्हणून बॅटरीजवळ विडी-काडी नको. हातांत अंगठी-कडें नको. डोळ्यांवर चष्मा हवाच. बॅटरी काढतांना प्रथम ऋण तार सोडावी व बसवितांना ती शेवटीं जोडावी. अंगावर आम्ल उडाल्यास भरपूर पाण्यानें धुवावें. डोळ्यांत गेल्यास धूत राहून लागलींच वैद्याकडे न्यावें.

पालकांस एक विनंति. जुनी बॅटरी अंगणांत फोडूं नये. शिसें विषारी असून लहान मुलांच्या मेंदूस त्यापासून कायमची इजा होते. जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची योग्य वाट लावण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनीं उत्पादकांवर टाकली आहे. विक्रेत्याकडे दिल्यास नव्या बॅटरीच्या किंमतींत सूटहि बहुधा मिळते.

त्या विद्यार्थ्यानें नंतर आम्हांस विचारलें, "गुरुजी, दोन्ही निरनिराळ्या कां मापल्या नाहींत ?" प्रश्न रास्त होता. बेरीज बरोबर दिसली म्हणून प्रत्येक अंक बरोबर असतोच असें नाहीं, हें आम्ही वर्गांत रोज सांगतों. त्या पहांटे तें आम्हींच विसरलों. आतां प्रयोगशाळेंत एक हायड्रोमीटर ठेविला आहे, आणि आपल्या वडिलांच्या बॅटऱ्यांची नोंद हा मुलगा दर महिन्यास स्वतः वहींत करतो.