कल्पना, कारखाना आणि मधली वर्षे

शोध लावणे आणि त्या शोधावर उद्योग उभारणे, या दोन गोष्टी आपण पुष्कळदा एकच समजतो. वास्तविक त्या दोहोंमध्ये काही वर्षांचे अंतर असते. त्या काळात वस्तू बिघडते, पुन्हा दुरुस्त होते, गिऱ्हाईक मिळत नाही आणि पैसा मात्र लागतच राहतो. ही मधली वर्षे कोणी सोसायची, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. घरातून प्रथमच कॉलेजची पायरी चढलेल्या माझ्यासारख्यांना तो विशेष जवळचा वाटतो. कारण आमच्या घरी ‘शिकतोस काय?’ यापेक्षा ‘कमावणार कधी?’ हा प्रश्न मोठा असतो.

यासाठी उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. आपल्या दिव्याहून शिळफाट्यामार्गे नवी मुंबईकडे निघाले की महापे येथील औद्योगिक वसाहत लागते. तेथे ‘आयडियाफोर्ज’ ही ड्रोन, म्हणजे वैमानिकाविना उडणारी याने, बनविणारी कंपनी आहे. अंकित मेहता, राहुल सिंग आणि आशिष भट हे तिचे संस्थापक पवईच्या आयआयटीत शिकलेले. हाताने फिरवून मोबाईल चार्ज करण्याचे यंत्र ही त्यांच्या सुरुवातीच्या वस्तूंपैकी एक होती. २००७ मध्ये कंपनीची नोंदणी झाली आणि तिला आधार मिळाला तो आयआयटीतच २००४ मध्ये स्थापन झालेल्या ‘साईन’ या उद्योगसंवर्धन केंद्राचा. पुढे संरक्षण संशोधन संस्थेबरोबर त्यांनी ‘नेत्र’ हे टेहळणीचे यान विकसित केले. जुलै २०२३ मध्ये कंपनीचे समभाग ६७२ रुपये या दराने शेअर बाजारात आले. नोंदणीपासून तिथपर्यंत सोळा वर्षे लोटली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

२००९ सालच्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात जे उडते यंत्र दिसते ते याच मंडळींनी पुरविलेले. त्या कथेत यंत्र बनविणारा विद्यार्थी मुदत मागतो, संस्थेचा प्रमुख ती नाकारतो आणि त्या मुलाचा शेवट दुःखद होतो. प्रत्यक्षात मात्र हे यंत्र घडविणाऱ्यांना त्यांच्या संस्थेने थारा दिला होता. पडद्यावरच्या मुलाजवळ बुद्धी कमी नव्हती. त्याला वेळ मिळाला नाही. विद्यापीठाची मदत म्हणजे केवळ अनुदान नव्हे. जागा, यंत्रसामग्री, जाणत्यांचा सल्ला आणि अपयश पचविण्यास लागणारी सवड, हीच खरी मदत होय.

ही सवड नसली की काय होते, ते मी घरात पाहिले आहे. माझे वडील एका लहान कारखान्यात प्रेस मशीनवर काम करीत. पत्रा आत सारताना बोटे पंचाखाली जाऊ नयेत म्हणून त्यांनी पट्टी आणि स्प्रिंग जोडून एक सरकते साधन तयार केले. ते पुढे तेथील सर्व मशीनवर बसले. वडिलांचे नाव मात्र कोठेच लागले नाही. त्यांच्या डोक्यात युक्ती होती, हातात कसब होते. पण जवळ कागद नव्हता आणि कागद कोठे करायचा हे सांगणारेही कोणी नव्हते.

तेव्हा या कागदाची थोडी माहिती देणे अस्थानी होणार नाही. आपला पेटंट कायदा १९७० चा आहे. वस्तू नवी असावी, तिच्यात जाणकारालाही सहज न सुचणारी अशी काही पुढची पायरी असावी आणि उद्योगात तिचा उपयोग व्हावा, या त्याच्या प्रमुख अटी. पेटंट वीस वर्षे टिकते. प्रारंभी तात्पुरते वर्णनपत्र दाखल करून पूर्ण वर्णनासाठी बारा महिने मिळतात. अर्जाआधीच वस्तूचा बोभाटा केला, तर नवेपणाची अट सहसा मोडते. म्हणून प्रदर्शनाची घाई करू नये.

शोधाचा मालक कोण, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. उच्च शिक्षणसंस्थांसाठी केंद्र सरकारने २०१९ चे नवोपक्रम व स्टार्टअप धोरण आखले. त्यानुसार संस्थेची साधने वा पैसा मोठ्या प्रमाणात वापरला असेल, तर हक्क संशोधक आणि संस्था यांचा संयुक्त असावा. अभ्यासक्रमाबाहेर, संस्थेचे काहीही न वापरता केलेल्या शोधाचा हक्क सर्वस्वी विद्यार्थ्याचा असावा. कंपनीच्या नोंदणीसाठी संस्थेचा पत्ता वापरू देणे, हजेरीत सवलत देणे, एखादे सत्र वा वर्ष थांबू देणे, अशाही गोष्टी त्यात सुचविल्या आहेत. चित्रपटातल्या मुलाला जी मुदत मिळाली नाही, ती येथे निदान कागदावर तरी आहे.

‘आम्ही कलाशाखेचे, आमचा यात काय संबंध?’ असे कोणी विचारील. आपल्याकडे पेटंटचे वर्णनपत्र इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावे लागते. मराठीत चालत नाही. दिवा, मुंब्रा, डोंबिवलीच्या कारखान्यांत राबणारा माणूस आपली युक्ती मराठीत सांगतो. तिचा प्रत्येक भाग, प्रत्येक हालचाल अचूक शब्दांत दुसऱ्या भाषेत उतरविणे हे भाषेचेच काम आहे आणि ते आपण शिकतो आहोत.

शेवटी एक सूचना करतो. आपल्या ग्रंथालयात एक बांधीव वही ठेवावी. विद्यार्थ्याने आपली किंवा घरच्या माणसाची युक्ती तीत आकृतीसह लिहावी, खाली प्राध्यापकांनी तारखेसह सही करावी आणि ती वही कुलपात राहावी. या वहीने पेटंट मिळणार नाही, हे खरे. परंतु युक्ती कोणाची आणि केव्हाची, याचा पुरावा राहील. पुढचा मार्ग विद्यापीठाच्या नवोपक्रम केंद्राकडे विचारता येईल. अशा वहीला फार तर शंभर-दोनशे रुपये लागतील.