करटोलीचा नर वेल उपटू नका

श्रावणात हातोहात खपणारी करटोली आता मांडवावर चढली आहे. रानात ती आपली आपण फळते. शेतात मात्र वेल हिरवागार, फुले भरपूर आणि फळे नावालाच, ही तक्रार नेहमीची. नुसते खत वाढवून ती मिटत नाही. या पिकात नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात, आणि घोडे बहुधा परागीभवनातच अडलेले असते.

वेलाची ओळख फुलावरून पटते. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली मऊ काट्यांचे इवलेसे फळ आधीपासून दिसते. नर फुलाखाली नुसता देठ. फळ धरत नाही म्हणून नर वेल ‘वांझ’ ठरवून उपटला, की मादी वेलही रिकामे राहतात. रायपूरच्या कृषी विद्यापीठाचा ‘इंदिरा कंकोडा-१’ हा सुधारित वाण लावला तरी ही गरज टळत नाही. आठ-दहा मादी वेलांमागे एक नर हवाच, आणि तोही एका कोपऱ्यात नव्हे, प्लॉटभर विखरून.

करटोलीचे फूल संध्याकाळी उमलते. त्यामुळे मधमाश्यांवर भिस्त ठेवून भागत नाही. परागकण नेण्याचे काम मुख्यतः रात्री फिरणारे पतंग करतात. पावसाची झड लागली की त्यांचा वावर कमी होतो. अशा दिवसांत हाताने परागीभवन करावे.

दिवेलागणीला नुकतेच उमललेले नर फूल देठासह खुडावे. पाकळ्या मागे दुमडल्या की मधले पिवळे पुंकेसर मोकळे होतात. ते मादी फुलाच्या मधोमध असलेल्या कुक्षीवर अलगद टेकवावेत. घासू नयेत, कुक्षी फार नाजूक असते. एका नर फुलावर दोन-तीन मादी फुले सहज होतात. भिजलेले फूल घेऊ नये. फळ धरले तर ते लवकरच फुगू लागते, नाहीतर पिवळे पडून गळते. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचे सापळे लावावेत. फुलोऱ्यात संध्याकाळची फवारणी कटाक्षाने टाळावी.

आणखी एक काम याच हंगामात उरकावे. बियांपासून आलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात आणि तेही फुले आल्यावरच कळतात. कंदातून मात्र मूळ वेलाचेच लिंग उतरते. म्हणून फुले असेपर्यंतच नर वेलांना लाल आणि भरघोस फळणाऱ्या मादी वेलांना पांढरी चिंधी बुंध्याशी बांधावी. हिवाळ्यात वेल वाळून गेले की जमिनीतले कंद एकसारखेच दिसतात.