आरशावरील हिम

पाठपरिचय

साधनाची शक्ती केवळ त्याच्या आकारावर अवलंबून नसते. ती त्याच्या निर्मळपणावरही अवलंबून असते. अवकाशातील दुर्बिणींना हा निर्मळपणा राखण्यासाठी किती सावध राहावे लागते, ते प्रस्तुत पाठात सांगितले आहे.

पाठ

इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापी ठेवून उष्णता मोजली. तांबड्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते; तरीही तेथील तापमापीने अधिक उष्णता दाखवली. या अदृश्य किरणांना अवरक्त किरण म्हणतात. धुळीच्या मेघांत दडलेले नवजात तारे आणि अतिदूरच्या दीर्घिका यांचा वेध घेण्यास हे किरण फार उपयुक्त ठरतात. मात्र पृथ्वीच्या वातावरणातील बाष्प त्यांपैकी बरेचसे शोषून घेते. म्हणूनच अवरक्त दुर्बिणी अवकाशात पाठवल्या जातात.

परंतु अवकाशात पोहोचल्याने सर्व अडचणी संपत नाहीत. प्रत्येक उष्ण वस्तू अवरक्त किरण बाहेर टाकते. दुर्बीणच उष्ण असेल, तर तिचे स्वतःचे तेज दूरच्या ताऱ्याच्या क्षीण किरणांना झाकून टाकते. हातात पेटती मशाल घेऊन काजवा शोधावा, तसाच हा प्रकार होय. यासाठी २०२१ मध्ये सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीला पाच पदरी सौरकवच दिलेले आहे. त्याच्या सावलीत तिचे आरसे उणे २०० अंश सेल्सिअसपेक्षाही थंड राहतात.

दुसरी अडचण भटक्या प्रकाशाची. दुर्बीण ज्या दिशेला रोखलेली असते, तिच्याखेरीज अन्य दिशांनी आत शिरणाऱ्या प्रकाशाला भटका प्रकाश म्हणतात. तो एखाद्या कडेवर आपटून किंवा आरशावरील धूलिकणांवर विखुरला जाऊन संवेदकापर्यंत पोहोचतो. रात्री समोरून वाहन आले की मळक्या काचेवर सर्वत्र उजेड पसरतो आणि रस्ता दिसेनासा होतो. आरशावरील धूळ हेच करते. म्हणून दुर्बिणीची जुळणी धूळविरहित दालनांत केली जाते, आतील भाग काळे ठेवले जातात आणि प्रकाशाच्या आडवाटा पडद्यांनी अडवल्या जातात.

इतकी दक्षता घेऊनही काय घडू शकते, हे युक्लिड दुर्बिणीच्या अनुभवावरून कळते. युरोपीय अवकाश संस्थेची ही दुर्बीण १ जुलै २०२३ रोजी अवकाशात झेपावली. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरून ती दृश्य आणि निकट-अवरक्त प्रकाशात आकाश न्याहाळते. तिचा मुख्य आरसा १.२ मीटर व्यासाचा आहे. अब्जावधी दीर्घिकांचे आकार अचूक मोजून विश्वातील अदृश्य द्रव्याचा माग काढणे, हे तिचे कार्य होय. अशा मोजमापात अल्पसा दोषही निष्कर्षाला बाधा आणू शकतो.

प्रारंभीच असे आढळले, की विशिष्ट कोनांत सूर्याचा प्रकाश यानाच्या एका बाह्य भागावरून परावर्तित होऊन दृश्य कॅमेऱ्यापर्यंत झिरपतो. हा भाग बदलणे तर शक्य नव्हते. मग ते कोन टळतील अशा रीतीने निरीक्षणांचा आराखडाच नव्याने आखण्यात आला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये दुसरा दोष लक्षात आला. पुनःपुन्हा पाहिलेल्या ताऱ्यांचा प्रकाश हळूहळू कमी भरू लागला. तारे मंदावले नव्हते. आरशावर हिमाचा थर जमत होता. तो केवळ काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर जाडीचा होता. हे पाणी आले कोठून? पृथ्वीवर जुळणी होत असताना यानाच्या वेष्टनांत हवेतील बाष्प मुरले होते. निर्वातात ते सावकाश बाहेर पडू लागले आणि जो थंड पृष्ठभाग भेटला, त्यावर गोठले. जी शीतलता दुर्बिणीला आवश्यक, तीच हिमालाही पोषक ठरली!

संपूर्ण दुर्बीण तापवली असती, तर हिम नाहीसे झाले असते; पण प्रसरण पावलेले भाग थंड होताना पूर्वीच्याच जागी नेमके परततील, याची शाश्वती नव्हती. म्हणून एकेक आरसा स्वतंत्रपणे तापवण्याचे ठरले. मार्च २०२४ मध्ये एका आरशाचे तापमान उणे १४७ अंशांवरून उणे ११३ अंशांवर नेण्यात आले. अवघ्या ३४ अंशांची ही वाढ पुरेशी ठरली. १०० मिनिटांत हिम उडून गेले आणि दृश्य कॅमेऱ्याला १५ टक्के अधिक प्रकाश मिळू लागला. दोषाचे स्थानही त्यामुळे निश्चित झाले.

यानात मुरलेले पाणी पुढेही थोडे थोडे बाहेर पडत राहणार, हे जाणूनच हा उपाय योजला गेला. लाखो किलोमीटर दूर जाऊनही मानवाची साधने पृथ्वीचा अंश सोबत नेतात. तो अंश ओळखणे आणि मोजमापातून वेगळा काढणे, हीच विज्ञाननिष्ठा होय.

शब्दार्थ

लोलक – प्रकाशाचे रंग वेगळे करणारी त्रिकोणी काच
दीर्घिका – असंख्य ताऱ्यांचा समूह
संवेदक – प्रकाशाची नोंद घेणारा भाग
शाश्वती – खात्री

स्वाध्याय

१. अवरक्त दुर्बीण थंड का ठेवावी लागते?
२. भटका प्रकाश म्हणजे काय, ते पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
३. संपूर्ण दुर्बीण न तापवता एकच आरसा तापवण्यामागील विचार तुमच्या शब्दांत लिहा.