आधी विचार, किती वेळात?

अशोका गार्डन, भोपाळ

चि. ओंकार यास,


परवा तू विचारलंस, "आत्या, शक्तीची एककं एवढी आहेत, त्यातली पाठ कोणती करू?" फोनवर सांगून भागणारं नाही, म्हणून लिहायला बसले.

पाठ एकच कर. एका सेकंदात एक जूल काम झालं की एक वॉट. बाकीची एककं यात बदलून घेता येतात. मात्र आकडा दिसला की त्याला दोन प्रश्न विचारायची सवय लाव. हे काम किती वेळात होतं? आणि हा आकडा यंत्राच्या कोणत्या बाजूचा, आत जाणारा की बाहेर पडणारा?

आमच्या अशोका गार्डनपासून गोविंदपुऱ्याचे कारखाने जवळ आहेत आणि त्यांच्या पलीकडे भेल ही कंपनी. हेवी इलेक्ट्रिकल्स या नावाने १९५६ साली ती उभी राहिली. टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर, रेल्वे इंजिनांच्या मोटारी, सगळं तिथे बनतं. त्यामुळे या भागात शक्तीची एककं पुस्तकापेक्षा यंत्रावरच्या पट्टीवर जास्त भेटतात. मोटारीच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, ३.७ किलोवॉट, ५ एचपी. मुलं समजतात, मोटार तारेतून ३.७ किलोवॉट घेते. तसं नाही. तो आकडा फिरणाऱ्या दांड्यावर मिळणाऱ्या शक्तीचा आहे. मोटारीची कार्यक्षमता ८५ टक्के धरलीस, तर ती तारेतून सुमारे ४.४ किलोवॉट ओढेल. उरलेलं उष्णतेत जातं. गणित चुकतं ते इथेच, सूत्र येत असूनही.

एचपीचं, म्हणजे अश्वशक्तीचंही नीट समजून घे. जेम्स वॉटला गिऱ्हाइकांना पटवायचं होतं की त्याचं वाफेचं इंजिन किती घोड्यांची जागा घेईल. म्हणून त्याने मिनिटाला ३३,००० फूट-पौंड हे माप धरलं. ते ७४५.७ वॉट होतं. युरोपात पुढे दशमान अश्वशक्ती आली. ७५ किलो वजन सेकंदात एक मीटर उचलायचं, म्हणजे ७३५.५ वॉट. आपल्या रेल्वेचं डब्ल्यूएजी-९ मालगाडीचं इंजिन ४,५०० किलोवॉटचं आणि ६,१२० अश्वशक्तीचं सांगतात. भागाकार करून बघ. अश्वशक्ती कोणती धरली आहे, ते तुझं तुलाच कळेल.

भोपाळच्या मे महिन्यात घरोघरी एसीची चर्चा चालते, दीड टन घ्यावा की एक. हा टन वजनाचा नाही, शक्तीचा आहे. २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळायला जितकी उष्णता लागते, त्या वेगाने उष्णता काढणं म्हणजे एक टन, सुमारे ३.५ किलोवॉट. दीड टनाचा एसी खोलीतून ५.३ किलोवॉटने उष्णता बाहेर काढतो आणि वीज साधारण दीड किलोवॉट घेतो. तुझ्या मनात लगेच येईल, ऊर्जा अक्षय्यतेचं काय झालं? काही झालं नाही. तो उष्णता निर्माण करत नाही, फक्त आतली बाहेर नेऊन टाकतो. घेतलेल्या विजेची उष्णताही तिच्याबरोबर बाहेर जाते.

गल्लीतल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, किलोवॉटऐवजी केव्हीए का लिहितात, हेही मास्तरांना विचारायच्या आधी स्वतः शोध. एवढंच सुचवते की ट्रान्सफॉर्मर तापतो तो प्रवाह आणि दाबामुळे. पुढे लोक त्यातून किती उपयोगी काम काढतात, हे त्याला ठाऊक नसतं.

आता ज्यात सर्वांत जास्त मुलं फसतात ते सांगते. वीजबिलावर दोन आकडे असतात. मंजूर भार किलोवॉटमध्ये, तो शक्तीचा. वापर युनिटमध्ये, तो ऊर्जेचा. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट तासभर, ३६ लाख जूल. "महिन्याला तीन किलोवॉट वीज जळते" असं कुणी लिहिलं, तर त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागेल. तू कराडला राहतोस, म्हणून कोयनेचं उदाहरण घे. प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट. वर्षाचे ८,७६० तास ती पूर्ण चालली, तर सुमारे १,७१७ कोटी युनिट होतील. तेवढी वीज ती कधीच देत नाही, कारण पश्चिमेला वळवायच्या पाण्याला पाणीवाटप लवादाने मर्यादा घातली आहे. म्हणून कोयना मुख्यतः मागणी चढते तेव्हा चालवतात. वर्तमानपत्रात नुसते मेगावॉट वाचून कुठल्याही प्रकल्पाचा मोठेपणा ठरवू नकोस. किती तास चालतो, ते विचार.

आणि हे सगळं स्वतःच्या अंगाने एकदा मोजून बघ. तुझं वजन ६० किलो धरू. तीन मीटरचा मजला सहा सेकंदांत चढलास, तर सुमारे २९४ वॉट. एका युनिटएवढं काम व्हायला तोच जिना दोन हजारांहून अधिक वेळा चढावा लागेल. दिवाळीत घरभर दिवे लावताना हे ध्यानात असू दे.

तुमच्या इमारतीच्या जिन्याची उंची टेपने मोज, मित्राला घड्याळ लावायला सांग. उत्तर वॉटमध्ये आणि अश्वशक्तीत, दोन्हींत काढ. प्रत्येक ओळीत आकड्यापुढे एकक लिही आणि वहीच्या पानाचा फोटो मला पाठव.

दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या